गाडीचे पासिंग रोजच असते

पुण्याहून नाशिककडे निघाले की नारायणगाव सोडल्यावर आणि आळेफाटा येण्याआधी आमचे पिंपळवंडी गाव लागते. एका अंगाला कुकडी वाहते, दुसऱ्या अंगाला महामार्ग. नदीला पूर पावसाळ्यात येतो, रस्त्याला बाराही महिने. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो, ओतूर आणि आळेफाट्याचा कांदा, विघ्नहर कारखान्याचा ऊस, चाकणच्या कारखान्यांचे सुटे भाग, सगळे या रस्त्याने जाते. पुढे आळेफाट्यावर कल्याण-अहिल्यानगर रस्ता आडवा येतो, म्हणजे चारही दिशांना माल फुटतो. त्यामुळे आमच्याकडे ज्याच्या घरी शेती आहे त्याच्या घरी नाही तर भावकीत, एखादी पिकअप, एखादी आयशर किंवा दहाचाकी ट्रक असतेच.

मी कविता लिहितो. पण कवितेवर घर चालत नाही, हे काही नव्याने सांगायला नको. बी. ए. होऊन गावात राहिलेला माणूस म्हणून एकेका वाहतूकदाराने आपल्या गाडीचे कागद माझ्याकडे आणून दिले आणि ते काम हळूहळू अंगावर पडत गेले. आज चार-पाच मालकांच्या मिळून वीसेक गाड्यांचे कागद मी सांभाळतो. ड्रायव्हर पोरे मला चाचा म्हणतात. कुणाची मुदत कधी संपते, कुणाचा विमा कधी भरायचा, कुठली गाडी पासिंगला कधी न्यायची, हे विचारायला येतात. आज याच कामाविषयी बोलणार आहे. सरकारी सुरक्षा तपासणीसाठी मालगाड्या तयार कशा ठेवायच्या, आणि ही तयारी नेमकी कुणासाठी करायची?

आधी तपासणी म्हणजे काय ते समजून घेऊ. अमेरिकेत सरकारी अधिकारी थेट वाहतूक कंपनीच्या कचेरीत येतात आणि सगळी दप्तरे उघडायला लावतात. ड्रायव्हर किती तास चालवत होता, गाडीची दुरुस्ती कधी झाली, अपघातांची नोंद ठेवली आहे का, हे सगळे कंपनीला दाखवावे लागते. आपल्याकडे कायद्याची नजर कंपनीपेक्षा एकेका गाडीवर आणि एकेका ड्रायव्हरवर असते. ही नजर तीन ठिकाणी पडते. पहिले ठिकाण आरटीओचे, म्हणजे योग्यता प्रमाणपत्राची तपासणी. आपण तिला पासिंग म्हणतो. दुसरे ठिकाण रस्ता. आरटीओचे वायुवेग पथक किंवा महामार्ग पोलीस हात करतात आणि गाडी बाजूला घ्यायला सांगतात. तिसरे ठिकाण अलीकडचे. मोठे कारखाने माल देण्याआधी वाहतूकदाराचे सगळे कागद आणि गाडी आपल्या माणसाकडून बघून घेतात. ती सरकारी तपासणी नव्हे, पण विचारतात तेच. तिन्ही ठिकाणचे प्रश्न सारखे असल्यामुळे तयारीही एकच पुरते.

पासिंगचा कायदा थोडक्यात असा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले ५६ वे कलम सांगते, की योग्यता प्रमाणपत्र नसेल तर व्यावसायिक गाडीची नोंदणी वैध मानली जाणार नाही. हे वाक्य मी प्रत्येक नव्या मालकाला दोनदा वाचून दाखवतो. पासिंग संपले म्हणजे नुसता एक कागद संपला, असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्या दिवसापासून कायद्याच्या लेखी तुमची गाडी रस्त्यावर यायला लायकच नसते. अशा स्थितीत अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते आणि भरपाईचे भांडण वर्षानुवर्षे मालकाच्या गळ्यात पडते. नव्या मालगाडीला पहिले प्रमाणपत्र दोन वर्षांचे मिळते. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. आठ वर्षे झाली की आपल्या राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो. आमच्या भागात गाड्या बहुतेक जुन्याच घेतलेल्या असतात, म्हणून बहुतेकांचे पासिंग वर्षाला येते.

आता कागदांचे बघू. मी प्रत्येक गाडीची एक फाइल करतो आणि प्रत्येक ड्रायव्हरची वेगळी. गाडीच्या फाइलीत आरसी, योग्यता प्रमाणपत्र, विमा, पीयूसी, परमिट, कर भरल्याच्या पावत्या, वेगनियंत्रकाचे आणि रिफ्लेक्टर टेपचे प्रमाणपत्र. पीयूसीची मुदत जुन्या गाड्यांना सहा महिने आणि बीएस-४, बीएस-६ गाड्यांना एक वर्ष असते. गोंधळ इथेच होतो, कारण एकाच मालकाच्या दोन गाड्यांचे दोन हिशेब असतात. ड्रायव्हरच्या फाइलीत लायसन्स, त्याची मुदत, डोळ्यांच्या तपासणीचा कागद, रक्तगट आणि घरचा फोन नंबर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक लायसन्सचे नूतनीकरण पाच वर्षांनी करावे लागते. पूर्वी ते तीन वर्षांनी होते. मुदत वाढली ही सोय झाली, पण पाच वर्षांत माणूस तारीख विसरून जातो, हेही खरे.

या सगळ्या तारखा मी एका मोठ्या दिनदर्शिकेवर लिहितो. मुदत संपते त्या तारखेवर लिहिण्याचा उपयोग नसतो. तिच्या दोन महिने आधीच्या तारखेवर मी गाडीचा नंबर लिहितो. त्या दोन महिन्यांत गॅरेजचे काम होते, राहिलेली ई-चलाने निकालात निघतात, पैशाची सोय होते. आजकाल कागद मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये किंवा एम-परिवहनमध्ये दाखवले तरी चालतात, कायद्याने त्याला मान्यता आहे. तरीही माळशेज घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून प्रत्येक केबिनमध्ये एक छापील संच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला बरा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. ती नसेल तर आरटीओतली पुढची कामे अडतात.

एकदा एक तरुण ड्रायव्हर फाइलीकडे बघत मला म्हणाला, "चाचा, कागदाने काय ब्रेक लागतो का?" मी म्हटले, "नाही लागत रे बाबा. पण ब्रेक शेवटचा कधी बघितला, ते तू विसरशील, मिस्त्री विसरेल, शेठ विसरेल. कागद विसरत नाही." फाइलीत नुसते सरकारी कागद ठेवायचे नसतात, ते यासाठी. सगळ्यात उपयोगाची वही दुरुस्तीची असते. ब्रेकचे लायनर कधी बदलले, कुठला टायर कुठल्या चाकावर बसवला, त्याचा नंबर काय, पाटा कधी तुटला, ऑइल किती किलोमीटरवर टाकले. दोन ओळी लिहायला दोन मिनिटे लागतात. वर्षभर अशी वही लिहिली की पासिंगच्या आधी मिस्त्रीला "सगळी गाडी बघ" असे मोघम सांगावे लागत नाही. काय बघायचे ते वहीच सांगते.

आता गाडीकडे येऊ. इंग्लंडमध्ये ट्रक बाहेर काढण्याआधी ड्रायव्हरने गाडीला एक फेरी मारून सगळे तपासायचे आणि दोष दिसला तर लिहून कळवायचा, असा शिरस्ता आहे. आपल्याकडेही जुने ड्रायव्हर हे करत आले आहेत. सकाळी गाडीला नमस्कार करून, लिंबू-मिरची बांधून, हातातल्या टॉमीने प्रत्येक टायरवर ठोका मारत फिरणारा ड्रायव्हर मी लहानपणापासून बघतो आहे. चांगला भरलेला टायर एक आवाज देतो, हवा गेलेला दुसरा. त्या फेरीलाच थोडी शिस्त लावायची आहे.

फेरी समोरून सुरू करावी. दोन्ही हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, काच. काचेला तडा ड्रायव्हरच्या नजरेसमोर असेल तर तो आज बारीक वाटतो आणि समोरून प्रकाश आला की सगळी काच पांढरी करतो. मग उजवीकडून मागे. टायरची नक्षी मोटारीला आणि ट्रकला किमान १.६ मिलिमीटर हवी. टायरच्या खाचांत कंपनीनेच छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. मागच्या जोडचाकांत आतला टायर कुणी बघत नाही. दोन टायरांच्या मध्ये दगड अडकला की तो आतल्या टायरला कापत राहतो. म्हणून तिथे बॅटरी मारून बघावे. चाकाचे नट, पाटे, शॅकल, स्प्रिंगचा बोल्ट, हवेच्या नळ्या कुठे घासत नाहीत ना. बाजूची आणि मागची संरक्षक पट्टी, म्हणजे खाली लावलेले लोखंडी अडसर, जागेवर आहेत ना. हे अडसर शोभेसाठी नसतात. ट्रकचा हौदा उंच असतो. मागून मोटरसायकल किंवा मोटार आली तर ती खाली घुसते आणि हौद्याची कड सरळ माणसाच्या डोक्याशी येते. तो अडसर तिला बाहेर अडवतो. माल भरताना आड येतो म्हणून तो काढून ठेवणारे लोक आहेत. पासिंगला जाताना परत लावतात.

हवेच्या ब्रेकविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण यातले अज्ञान जीव घेते. मोठ्या ट्रकचा ब्रेक ड्रायव्हरच्या पायाच्या ताकदीवर लागत नाही. तो हवेच्या दाबावर लागतो. इंजिन चालू असले की कॉम्प्रेसर टाकीत हवा भरत राहतो. पाय दाबला की ती हवा चाकांपर्यंत जाते आणि ब्रेक लागतो. प्रत्येक वेळी थोडी हवा खर्च होते आणि इंजिन ती भरून काढते. आता उतारावर कुणी डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली तर काय होईल? कॉम्प्रेसर थांबला, म्हणजे नवी हवा नाही. गिअरचा धाक गेला, म्हणजे सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापतात, लायनरची पकड सुटत जाते आणि हवा संपत येते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने एकामागून एक ४८ वाहनांचे नुकसान केले. उतारावर ड्रायव्हरने इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच भागात पुन्हा भीषण अपघात झाला आणि माणसे आगीत गेली.

माळशेजचा उतार आमच्या रोजच्या वाटेवर आहे. पावसाळ्यात तिथे धुके इतके असते की पुढच्या गाडीचा लाल दिवा हाच रस्ता. म्हणून दोन गोष्टी प्रत्येक ड्रायव्हरला तोंडपाठ हव्यात. प्रेशर पूर्ण चढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा. तिसरी गोष्ट रोज सकाळची. हवा दाबली जाते तेव्हा तिच्यातले बाष्प टाकीत पाणी होऊन साठते. ते पाणी टाकीखालच्या चावीने सोडून द्यायचे. पाणी साठत गेले की हवेला जागा कमी पडते आणि आतले भाग गंजतात.

फेरी मागे येऊन संपते. ट्रकची मागची बाजू हे आपल्या देशातले सर्वांत जास्त वाचले जाणारे पान आहे, असे मी कवी म्हणून नेहमी म्हणतो. शेर, सुविचार, आईवडिलांची पुण्याई, सगळे तिथे असते. "हॉर्न ओके प्लीज" हे शब्द मालगाड्यांवर लिहायला महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली बंदी घातली, कारण त्यामुळे लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. पण या पानावरची सर्वांत महत्त्वाची ओळ अक्षरांची नाही, ती रिफ्लेक्टर टेपची आहे. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. रात्री मागच्या माणसाला फक्त तीच ओळ वाचता येते. तिच्यावर चिखल बसला, ताडपत्री लोंबली किंवा फाळका रंगवताना पेंटरने ब्रश फिरवला, की गाडी अंधारात अदृश्य होते. माझ्या गाड्यांच्या केबिनमध्ये एक जुने फडके फक्त टेप पुसायला ठेवलेले असते.

मागच्या बाजूवर इतका जोर देण्याचे कारण आकड्यांत आहे. २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. या अपघातांत सुमारे एक पंचमांश वाटा मागून बसलेल्या धडकेचा होता. आणि आकडे दूरचे वाटत असतील तर नारायणगाव दूर नाही. १७ जानेवारी २०२५ च्या सकाळी तिथे महामार्गावर प्रवासी व्हॅनला मागून टेम्पो धडकला आणि ती व्हॅन पुढे उभ्या असलेल्या एसटी बसवर जाऊन आदळली. नऊ माणसे गेली. आमच्या आसपासच्या गावांत त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत.

त्यातून आपण मालगाडीवाल्यांनी दोन गोष्टी घ्यायच्या. आपण पुढच्या वाहनापासून किती अंतर ठेवतो, आणि आपली गाडी बंद पडली तर ती कशी उभी करतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. माणसाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर गेलेले असते, ब्रेक लागणे तिथून पुढे. गाडी बंद पडली तर शक्य तितकी रस्त्याच्या बाहेर, चारही इंडिकेटर चालू, आणि लाल त्रिकोण बराच मागे. हा त्रिकोण गाडीत असणे नियमाने बंधनकारक आहे. आपल्याकडे त्रिकोणाऐवजी रस्त्यावर दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवायची रीत आहे. गाडी सुरू झाली की माणसे निघून जातात आणि दगड तिथेच राहतात. रात्री तो दगड कुणा दुचाकीवाल्याच्या चाकाखाली येतो. एका त्रिकोणाची किंमत एका वेळच्या जेवणाएवढी असते. तो सीटखाली न ठेवता हात घालताच मिळेल असा ठेवावा.

मालाचा भाग राहिला. प्रत्येक गाडीच्या आरसीवर मालासह एकूण किती वजन चालेल ते लिहिलेले असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की भरायचा माल समजतो. एवढे साधे गणित आहे, पण कांद्याच्या हंगामात ते कुणाला आठवत नाही. २०१८ साली सरकारने धुऱ्यांवरची वजनमर्यादा वाढवली, तेव्हा अनेकांना वाटले की आता आपल्या जुन्या गाडीतही तेवढा माल चालेल. मर्यादा गाडीच्या आरसीवर असेल तीच. २०१९ पासून जादा वजनाचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा झाला आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घ्यावा लागतो. कांदा रस्त्यावर उतरवायचा म्हणजे काय, ते ज्याचा कांदा आहे त्याला विचारा. कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. ड्रायव्हर जादा माल भरून निघाला आणि मालक सोबत नसला, तरी हे मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाले असे न्यायालय गृहीत धरू शकते. "मला काय माहीत, त्याने भरला" ही ढाल तिथे टिकेलच असे नाही. म्हणून वजनकाट्याची पावती प्रत्येक खेपेच्या बिल्टीला टाचून ठेवायची. ती मालकाचे रक्षण करते आणि आडतदाराला नाही म्हणायचे धैर्य ड्रायव्हरला देते.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळे, त्या माणसाबद्दल. गाडीचे पासिंग होते, ड्रायव्हरच्या झोपेचे पासिंग कुठेच होत नाही. दुपारनंतर नारायणगावात टोमॅटोचे कॅरेट भरले जातात. माल पहाटेच्या बाजाराला वाशीत पोहोचला पाहिजे, नाही तर भाव पडतो. परत येताना भाडे मिळाले तर ते सोडवत नाही. असे दोन दिवस गेले की डोळे उघडे ठेवून झोपणारा माणूस स्टिअरिंगवर असतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे तत्त्व साठ वर्षांपूर्वीच आपल्याकडे आणले. युरोपात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटे थांबावेच लागते आणि तिथे गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. आपल्या गावच्या गाडीत ते यंत्र नाही. पण वही आहे. कधी निघाला, कधी पोहोचला, किती झोपला, एवढ्या तीन रकान्यांची वही मी ठेवायला सांगतो. ज्या मालकाने हा तिसरा रकाना वाचायला सुरुवात केली, त्याने लांबच्या खेपेला दुसरा ड्रायव्हर द्यायलाही सुरुवात केली, हा माझा अनुभव आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. वैशाखाच्या दुपारी इंजिनाशेजारी बसून बघितल्याशिवाय या नियमाचे मोल कळायचे नाही. जुन्या गाडीत ती सोय येणार नाही, पण एक पंखा, सावलीचा पडदा आणि पाण्याचा जार देता येतो.

डोळ्यांचेही तसेच. चाळिशीनंतर जवळचे दिसत नाही, आणखी पुढे मोतीबिंदू सुरू होतो. समोरून येणारा दिवा तेव्हा फुटल्यासारखा, पसरलेला दिसतो. ड्रायव्हर ते कुणाला सांगत नाही, कारण सांगितले तर काम जाईल अशी भीती असते. म्हणून "तुझे डोळे तपास" असे एकट्याला न म्हणता, वर्षातून एकदा सगळ्यांचे डोळे तपासून घ्यावेत, मालकाचेसुद्धा. ज्याला चष्मा लागेल त्याला तो मालकाने करून द्यावा. टायरपेक्षा तो नक्कीच स्वस्त पडतो.

आता एक कडू गोष्ट. आपल्याकडे पासिंगपुरती गाडी सजवायची एक विद्या तयार झाली आहे. पासिंगपुरते टायर मिळतात, एका दिवसासाठी बसवायचे आणि परत द्यायचे. आग विझवायचा सिलिंडर शेजारच्या गाडीतून आणायचा. ताजा रंग मारायचा, की खालचा गंज झाकला जातो. आणि तपासणारेही वर्षानुवर्षे तपासणी उरकत होते. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. चालत्या गाडीच्या ब्रेकची चाचणी घ्यायला पुरेसा लांब ट्रॅक लागतो, आणि राज्यातल्या अनेक आरटीओ कार्यालयांकडे तो नव्हताच. मग ब्रेक तपासला कसा, हा त्यांचा साधा प्रश्न. न्यायालयाने २०१६ साली २५० मीटर लांबीच्या ट्रॅकवर चाचणी घेण्याचे बंधन घातले, आणि २०१७ च्या अखेरीस जिथे असा ट्रॅक नाही तिथे तपासणीच करू नये, असा आदेश दिला. तेव्हा गाड्यांना लांबच्या ट्रॅकवर न्यावे लागले, रांगा लागल्या, खेपा बुडाल्या, आणि आमच्याकडचे वाहतूकदार पुष्कळ चिडले. त्या चिडण्यात तथ्य होते, कारण हाल गरिबाचेच झाले. पण प्रश्न बरोबर होता. २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले. जिथे अशी केंद्रे सुरू झाली आहेत तिथे ब्रेक, दिवे, धूर हे यंत्र मोजते आणि निकाल थेट संगणकात जातो. यंत्राला ओळख लागत नाही आणि रंगाची भूलही पडत नाही. मात्र भाड्याचा टायर यंत्रालाही खराच वाटतो. आणि तो टायर परत दिल्यावर जुन्या टायरवर माळशेज उतरायचा असतो तो आपल्याच गावच्या पोराला.

म्हणून मी मालकांना सांगतो, की तपासणीची तयारी आदल्या आठवड्यात सुरू करू नका, तपासणी झाली त्याच दिवशी पुढची सुरू करा. त्यासाठी फार काही लागत नाही. रोज सकाळी दहा मिनिटांची फेरी. दोष दिसला तर वहीत एक ओळ, आणि मालकाची सही. सही हवीच, कारण ड्रायव्हरने ब्रेकची तक्रार लिहिली आणि मालकाने तिच्याखाली सही केली, की ती तक्रार दोघांची होते. आठवड्याला अर्धा तास वही आणि गाडी एकमेकींशी ताडून बघायची. महिन्याला तारखा तपासायच्या. तीन महिन्यांनी चाके उघडून लायनर बघायचे. एवढे वर्षभर केले, की पासिंगच्या दिवशी गाडी धुऊन, फाइल काखेत मारून मोशीच्या वाटेला लागायचे. वायुवेग पथकाने हात केला तरी छातीत धस्स होत नाही.

मालक विचारतात, "एवढा खर्च आणि एवढा वेळ कोण भरून देणार?" प्रश्न रास्त आहे. डिझेल, टोल, टायर, हप्ते यांतून चार पैसे मागे टाकणे सोपे नाही, हे मी त्यांच्याच वह्यांतून बघतो. पण त्याच वह्या सांगतात, की हवा नीट असलेला टायर जास्त चालतो, वेळेवर बदललेला लायनर ड्रम वाचवतो, आणि रस्त्यात बंद पडलेल्या गाडीची क्रेन, बुडालेले भाडे आणि सडलेला टोमॅटो यांचा हिशेब केला तर सकाळची दहा मिनिटे फुकट म्हणावी लागतील.

आपल्याच पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे, १९६७ पासून. वाहने आणि वाहतूक यांचा अभ्यास आणि ड्रायव्हरांचे प्रशिक्षण तिथे चालते. आमच्या गाड्या तिच्या दारावरून रोज जातात. एखाद्या मालकाने आपल्या दोन पोरांना तिथे शिकायला धाडले, तर तो खर्च सगळ्या गावाच्या उपयोगी पडेल. एक शिकलेला ड्रायव्हर गॅरेजवरच्या कट्ट्यावर दहाजणांना शिकवतो. आमच्याकडे विद्या अशीच पसरते.

या रविवारी ज्यांची गाडी दारात उभी असेल त्यांनी एवढेच करावे. ड्रायव्हरला चहा द्यावा, त्याच्याबरोबर गाडीला एक फेरी मारावी, आणि त्याला विचारावे, "या गाडीतली कुठली गोष्ट तुला रात्री घाटात भीती घालते?" तो जे सांगेल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे, आणि सोमवारी गाडी बाहेर काढण्याआधी तेवढे एक काम करून द्यावे.